वहिनी आणि दोन मुलांसाठी तालुक्यात काय काय मिळू शकतं? सल्ला हवा आहे

नदीकाठ

नमस्कार मंडळी. माझा दादा पाच महिन्यांपूर्वी हृदयविकाराच्या झटक्याने गेला. वय ३८. दुसऱ्याच्या टेम्पोवर ड्रायव्हर होता. मागे वहिनी (वय ३३, बारावी झालेली), नऊ वर्षांची भाची, चार वर्षांचा भाचा आणि आमची आई, वय ६७. गावात दोन खोल्यांचं घर आणि दादाच्या नावावर सव्वा एकर कोरडवाहू जमीन आहे.

मी नोकरीनिमित्त लांब असते. एक रविवार आड गावी जाते, पण रविवारी सगळी कार्यालयं बंद. वहिनी अजून घराबाहेर फारशी पडत नाही. गावातला एक जण म्हणतो, "मुलामागे पाच हजार द्या, दोन्ही मुलांची फाइल पास करून आणतो." कसली फाइल ते नीट सांगत नाही.

मला एवढंच विचारायचंय: अशा घराला सरकारकडून खरोखर काय मिळतं, ते कुठे मागायचं आणि आधी काय करायचं? ज्यांनी स्वतः हे केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा. मी एक दिवस रजा काढू शकते, फार तर दोन.

जुनी पर्यवेक्षिका

ताई, त्या माणसाला एक रुपयाही देऊ नका. तो ज्या फाइलबद्दल बोलतोय ती बालसंगोपन योजनेची असणार (आई किंवा वडील नसलेल्या मुलांना दरमहा पैसे देणारी), आणि तिच्या अर्जाला फी नाही.

मी २६ वर्षं एकात्मिक बालविकासात काम केलं. माझा अनुभव असा, की लोक थेट तहसीलला धावतात आणि घरापासून शंभर पावलांवरची अंगणवाडी विसरतात. भाचा चार वर्षांचा आहे, म्हणजे तो अंगणवाडीचाच लाभार्थी आहे. त्याचं नाव नोंदवलेलं आहे का, तो रोज जातो का, ते आधी बघा. तिथे त्याला गरम आहार मिळतो, वजन-उंची होते आणि वहिनींना सकाळचे काही तास मोकळे मिळतात. कागदपत्रांसाठी फिरायचं तर ते तास लागणारच आहेत.

शिवाय गावातल्या कोणत्या बाईला कोणती योजना लागली, कुणाची फाइल कुठे अडली, हे सेविकेला तोंडपाठ असतं. वहिनींना तिच्याकडे घेऊन जा आणि सरळ विचारा, "आपल्या गावात बालसंगोपन कुणाकुणाला मिळतं?" ज्या घरात मिळतं तिथे जाऊन एकदा चहा घ्या. तालुक्याचं खरं चित्र तिथे कळेल.

अजून एक. वहिनी बारावी आहेत. अंगणवाडी सेविका आणि मदतनीस भरतीला बारावीची अट आहे. विधवा उमेदवारांना वयात ४० पर्यंत सवलत आहे आणि गुणांकनात जादा गुण मिळतात. भरती त्याच गावच्या रहिवासी बाईसाठी असते. बालविकास प्रकल्प कार्यालयाच्या फलकावर जाहिरात लागते, तिच्यावर लक्ष ठेवा.

ओसरी

नदीकाठ, मी स्वतः यातून गेले आहे. माझे मिस्टर गेले तेव्हा मुलं सहा आणि अकरा वर्षांची होती. क्रमाने लिहिते, कारण मी क्रम चुकवला आणि आठ महिने वाया घालवले.

सगळ्यात आधी दादांच्या मृत्यू दाखल्याच्या किमान पाच प्रती काढून ठेवा. एकच मूळ प्रत घेऊन फिरू नका, प्रत्येक टेबलावर मूळ बघायला मागतात. दाखल्यावरचं नाव आणि आधारवरचं नाव अक्षर न अक्षर जुळतंय का ते तिथेच उभं राहून वाचा. माझ्या मिस्टरांच्या वडिलांचं नाव एका कागदावर 'पांडूरंग' आणि दुसऱ्यावर 'पांडुरंग' होतं. त्या एका ऊकारासाठी मला प्रतिज्ञापत्र करावं लागलं.

दुसरा कागद उत्पन्नाचा दाखला. इथे नीट लक्ष द्या. तलाठ्याचा अहवाल जुन्या सवयीने नवऱ्याच्या कमाईसकट येतो. विधवा आणि निराधारांना दरमहा पैसे देणाऱ्या संजय गांधी निराधार योजनेची उत्पन्न मर्यादा वर्षाला २१,००० रुपये आहे, त्यामुळे दादांचा पगार धरला की तिथेच दार बंद. घरात आज कमावतं कोण आहे ते अर्जात स्पष्ट लिहा आणि मृत्यू दाखला सोबत जोडा. यात काहीही खोटं सांगायचं नाहीये, आजची खरी परिस्थिती मांडायची आहे.

आता मुलांचं. क्रांतीज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना. आई किंवा वडील नसलेल्या मुलांना १८ वर्षांपर्यंत दरमहा प्रत्येकी २,२५० रुपये. आधी ही रक्कम १,१०० होती, २०२३ मध्ये वाढली. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात किंवा तिथल्याच जिल्हा बाल संरक्षण कक्षात द्यायचा. तहसीलशी याचा संबंध नाही, हे मला तीन फेऱ्यांनंतर कळलं. अर्जासोबत दोघांची आधार कार्डं, मुलीचं शाळेचं बोनाफाईड, मुलाचा जन्म दाखला, रेशन कार्ड, रहिवासी दाखला, उत्पन्नाचा दाखला, बँक पासबुक आणि घरासमोर मुलांसोबत उभं राहून काढलेला आईचा फोटो. हो, तोही मागतात. मग घरी चौकशीला माणूस येतो आणि त्याच्या अहवालावर बालकल्याण समिती आदेश देते. समितीपुढे मुलांना घेऊन जावं लागतं. मी घाबरले होते, वाटलं कोर्ट असेल. एका खोलीत टेबलामागे चार-पाच जण बसले होते. त्यांनी मुलाला विचारलं, कितवीत आहेस, आवडता विषय कोणता. मला विचारलं, घर कसं चालतं. दहा मिनिटांत बाहेर.

पैसे दर महिन्याला येतील असं धरून चालू नका. मला एकदा सात महिन्यांचे एकदम आले. त्यामुळे शाळेची फी किंवा घरभाडं त्यावर टांगून ठेवू नका. पण येतात.

त्याच कार्यालयात केंद्राच्या मिशन वात्सल्यची प्रायोजकत्व योजनाही असते. तिथे मुलामागे ४,००० आहेत, पण वार्षिक उत्पन्न ग्रामीण भागात ७२,००० आणि शहरात ९६,००० च्या आत लागतं. तुमच्या मुलांना कोणती लागू होते ते तिथेच विचारा.

प्रत्येक अर्जाची पोच घ्या. शिक्का, तारीख, आवक क्रमांक. "राहू द्या, नंतर या" म्हणाले तर तिथेच थांबा आणि पोच घेऊनच निघा. पोच नव्हती म्हणून माझा पहिला अर्ज 'आलाच नाही' असं मला ऐकावं लागलं.

कोपऱ्यावरची बँक

थोडक्यात. दादांचं पासबुक भरून घ्या आणि मे-जूनच्या नोंदी बघा. दरवर्षी ४३६ रुपये कापलेले दिसले तर ती प्रधानमंत्री जीवनज्योती विमा योजना आहे. २ लाखांचा विमा, मृत्यू कोणत्याही कारणाने असो. खातं उघडताना लोक फॉर्मवर सही करतात आणि घरच्यांना पत्ताच नसतो. नोंद दिसली तर त्याच दिवशी शाखेत दाव्याचा अर्ज मागा. २० रुपये कापले असतील तर तो अपघाताचा विमा, तो इथे लागू होणार नाही.

बांधावरून

मी आमच्या गावात दुसऱ्यांदा ग्रामपंचायत सदस्य आहे. दोन-तीन गोष्टी.

तहसीलमध्ये संजय गांधी योजनेची शाखा असते, सगळे तिला 'संगायो' म्हणतात. वहिनींचा संजय गांधी निराधारचा अर्ज आणि तुमच्या आईंचा श्रावणबाळचा (वृद्धांच्या दरमहा मदतीचा) अर्ज एकाच दिवशी तिथेच द्या. आई ६७ च्या आहेत, श्रावणबाळला ६५ पूर्ण लागतात. दोन्हींत दरमहा १,५०० रुपये. तिथेच राष्ट्रीय कुटुंब अर्थसहाय्य योजनेचंही विचारा: कुटुंब दारिद्र्यरेषेखालच्या यादीत असेल आणि कमावता माणूस १८ ते ५९ वयात गेला असेल तर एकरकमी २०,००० मिळतात.

रेशन कार्डावर आता तुमच्या आईंना कुटुंबप्रमुख म्हणून लावून घ्या. अन्न सुरक्षा कायद्यात घरातली ज्येष्ठ स्त्रीच कुटुंबप्रमुख धरली जाते. पिवळं कार्ड मिळतंय का तेही विचारा, अंत्योदयात कुटुंबाला ३५ किलो धान्य असतं.

ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करावे लागतात. हे पैसे बऱ्याच गावांत मार्चअखेरीस घाईघाईने कुठल्यातरी वस्तूंवर संपतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यावी लागते. वहिनींनी तिथे जाऊन मागणी केली आणि ती इतिवृत्तात आली, तर आम्हा सदस्यांनाही जोर मिळतो.

आणि जमीन. वारस नोंदीचा अर्ज तलाठ्याकडे (आता पाटीवर ग्राम महसूल अधिकारी दिसेल) लगेच द्या. आई, पत्नी आणि दोन्ही मुलं, चौघांचीही नावं सातबाऱ्यावर लागली पाहिजेत. मुलं अज्ञान असल्याने त्यांच्या नावांसोबत अ.पा.क. (अज्ञान पालनकर्ता) म्हणून वहिनींचं नाव येतं.

नदीकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. ओसरीताई, तुमची पोस्ट वहिनीला फोनवर वाचून दाखवली. 'दहा मिनिटांत बाहेर' ऐकून ती बऱ्याच दिवसांनी मोकळा श्वास घेऊन बोलली.

दोन शंका. वहिनीला लाडकी बहीणचे १,५०० आधीपासून येतात. मग निराधारचा अर्ज करावा का? आणि चुलते कालच एक कागद घेऊन आले होते, "हक्कसोड आहे, नुसती सही कर, जमीन घरातच राहील" म्हणाले. वहिनी म्हणाली, ताईला विचारून सांगते.

ओसरी

सही अजिबात नको! वहिनींनी वेळ मागून घेतला हे फार चांगलं केलं. तालुका न्यायालयातच तालुका विधी सेवा समिती असते. महिलांना तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. तो कागद तिथल्या वकिलांना दाखवा. चुलत्यांशी भांडण्याची गरज नाही, "वकिलांना दाखवून सांगते" एवढंच म्हणायचं.

लाडकी बहीणबद्दल: दुसऱ्या सरकारी योजनेतून महिन्याला १,५०० किंवा जास्त मिळत असतील तर ती बाई अपात्र ठरते. म्हणजे वहिनींना या दोन्हींपैकी एकच. घाईने अर्ज करून चालू असलेले पैसे थांबवू नका. माझं मत विचाराल तर तूर्त आहे ते राहू द्या, आणि सगळा जोर मुलांच्या बालसंगोपनावर आणि आईंच्या श्रावणबाळवर लावा. मला निराधारचे आणि मुलांचे बालसंगोपनाचे, दोन्ही मिळतात. मुलांचा पैसा मुलांचा असतो.

बांधावरून

वहिनी बाहेर पडत नाहीत असं तुम्ही लिहिलंत म्हणून सांगतो. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही तसं आवाहन केलं. आमच्या गावातही तो ठराव झाला. त्यानंतर पहिल्या महिला सभेला तीन विधवा बहिणी पुढच्या रांगेत बसल्या होत्या, आणि त्यातल्या एकीने पाण्याच्या टाकीचा प्रश्न मांडला. तुमच्या सरपंचांशी या विषयावर बोलून बघा.

जुनी पर्यवेक्षिका

उमेदच्या (सरकारच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या) बचत गटाचंही बघा. पैशापेक्षाही आठवड्याच्या बैठकीसाठी. दर आठवड्याला दहा-बारा बायकांत तासभर बसायचं, सही करायची, बोलायचं. घरात कोंडून घेतलेल्या किती जणी मी तिथून उभ्या राहताना पाहिल्या आहेत.

नदीकाठ

सहा आठवड्यांनी लिहिते आहे, उशिराबद्दल माफ करा.

दोन दिवस रजा काढली. पहिल्या दिवशी तहसील: आईचा श्रावणबाळचा अर्ज दिला, पोच घेतली, रेशन कार्डाचा अर्जही दिला. वारस नोंदीचा अर्ज आदल्या आठवड्यात वहिनी स्वतः जाऊन देऊन आली होती. चुलत्यांचा कागद विधी सेवा समितीच्या वकीलबाईंनी वाचला. त्यात मुलांचा हिस्साही सोडल्याचं लिहिलेलं होतं. वहिनीने कागद परत दिला, आवाज न चढवता.

पासबुकात ४३६ ची नोंद सापडली, सलग दोन वर्षांची. शाखेत दावा दिलाय, अजून निकाल नाही.

दुसऱ्या दिवशी जिल्ह्याला बालसंगोपनाचा अर्ज दिला. त्याआधी सकाळी घरासमोरचा फोटो काढायचा होता. वहिनी आधी तयार होईना, म्हणे मी कशाला, मुलांचाच काढा. भाचीने आतून दादाच्या लग्नातली निळी साडी आणून तिच्या हातात दिली. फोटोत तिघंही सरळ कॅमेऱ्याकडे बघतायत, आणि मागे उंबऱ्यावर आईचा अर्धा हात आलाय. कार्यालयातल्या बाई म्हणाल्या चालेल.

चौकशीला येणारे पुढच्या आठवड्यात येतील असा निरोप आहे. ते घरात नेमकं काय विचारतात, कुणी सांगू शकेल का? वहिनी म्हणते, या वेळी मी एकटीच बोलेन.