चॅलेंज म्हणजे आव्हान की हटकणे?

प्रश्न :

जुन्या यंत्रांच्या एका छोट्या संग्रहासाठी वापर-पुस्तिका मराठीत करते आहे. उपकरण आहे डायल-अपचं : बँकेच्या शाखेतून मुख्य कार्यालयाला फोन लावायचा, ओळख पटली तरच आत सोडायचं. त्याच्या सीरियल पोर्टला, म्हणजे केबल लावायच्या जुन्या तोंडाला, आयएसडीएनचा (डिजिटल फोन लाइनचा) टर्मिनल अडॅप्टर जोडलेला. माझ्याआधी कुणीतरी अर्धा मजकूर करून ठेवलाय, त्यातलं हे वाक्य बघा : 'सुरक्षित यंत्र अंतिम अनुकूलकास आव्हान देते व हस्तांदोलन पूर्ण होते.' वाचून मला कुस्तीचा फडच दिसला. टर्मिनल अडॅप्टर, चॅलेंज आणि कॉलबॅक या तीन शब्दांचं काय करू?

प्रतिसाद :

'अनुकूलक' म्हटलं की भिंतीवरचा एसी आठवतो. आणि 'अंतिम अनुकूलक' हे तर अंत्यविधीचं सामान वाटतं. सरळ मोडेम लिहा ना. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात सगळे 'आयएसडीएन मोडेम'च म्हणायचे.

प्रतिसाद :

म्हणायचे खरं, आम्हीही म्हणायचो. शाखांच्या लाइनी बघण्यात माझी बरीच वर्षं गेली. पण पुस्तिकेत ते लिहू नका, कारण मोडेम जे करतो तेच इथे होत नाही. साधी फोनची तार आवाजासाठी, म्हणून मोडेम आकड्यांचा आवाज करतो आणि पलीकडचा मोडेम त्या आवाजाचे पुन्हा आकडे करतो. ती किंचाळी आठवत असेल. आयएसडीएनची तार मुळातच आकड्यांची, किंचाळायचं कारणच नाही. मोडेमला जोडणी व्हायला अर्धा मिनिट लागायचं, इथे दोनेक सेकंदांत काम व्हायचं. नवीन माणसाला वाटायचं, लागलाच नाही फोन.

मग अडॅप्टर करतो काय? तुमच्या जुन्या उपकरणाला आयएसडीएन बोलता येत नाही, त्याला फक्त सीरियल पोर्टची भाषा कळते. अडॅप्टर मध्ये उभा राहून इकडचं तिकडे सांगतो. मराठीत याला चांगला शब्द आहे, दुभाष्या. तरी मी म्हणेन, नाव 'टर्मिनल अडॅप्टर'च ठेवा, खोक्यावर तेच छापलेलं असतं. पहिल्यांदा येईल तिथे 'हा दुभाष्या' एवढं लिहिलं की वाचणारा चुकणार नाही. आणि 'टर्मिनल' म्हणजे 'अंतिम' नव्हे. तारेच्या टोकाला बसलेलं यंत्र, एवढाच अर्थ.

प्रतिसाद :

दुभाष्या झकास. पण मग 'डायल' तरी कशाला? आयएसडीएनवर काय फिरतं?

प्रतिसाद :

काहीच नाही. फिरायचं केव्हाच थांबलं, 'नंबर फिरवला' मात्र आपण अजून म्हणतो. मोडेमला 'फोन लाव' ही आज्ञा एटीडी या अक्षरांनी देतात; त्यांच्यापुढे पी लिहिला तर तबकडीसारखे ठोके, टी लिहिला तर सूर. आयएसडीएनवर ठोके नाहीत आणि सूरही नाहीत, नंबर एका निरोपासारखा डी चॅनलवरून, म्हणजे निरोपांसाठीच्या वेगळ्या वाटेवरून, एक्स्चेंजला जातो, त्यामुळे नुसतं एटीडी आणि नंबर पुरे. मला 'लावणे' आवडतं. फोन कुठल्याही काळातला असो, तो लावावाच लागतो.

साध्या जोडणीत मुख्य मजकुरासाठी दोन बी चॅनल असतात, प्रत्येकी सेकंदाला 64 किलोबिट, आणि वर तो 16 किलोबिटचा डी. दोन्ही बी एकत्र केले की 128, पण बिल दोन कॉलचं. वर गंमत अशी की बहुतेक सीरियल पोर्ट 115.2च्या पुढे जायचे नाहीत, म्हणजे पैसे पुरे आणि पाणी थोडं कमी. शाखांना आम्ही एकच चॅनल लावून द्यायचो.

आता 'आव्हान'. ते लिहिणाऱ्याने कोश उघडला, पण पहारा बघितला नाही. हा चॅलेंज कुस्तीतला नाही, पहारेकऱ्याचा आहे. रात्री वेशीवर कुणी आलं तर पहारेकरी काय करतो? हटकतो. 'कोण आहे? खूण सांग.' पासवर्डला आपण 'परवलीचा शब्द' म्हणतो तो त्याच पहाऱ्यावरचा. पॅप नावाची जुनी पद्धत आहे, तिच्यात येणारा परवलीचा शब्द मोठ्याने ओरडून सांगतो, झाडामागे कुणी ऐकत असेल तर त्यालाही तो मिळतो. चॅप ही पद्धत शहाणी. पहारेकरी दर वेळी नवा आकडा टाकतो. येणाऱ्याने तो आकडा आणि मनातला परवलीचा शब्द एकत्र दळून पीठ तेवढं परत द्यायचं. पहारेकऱ्याकडेही तोच शब्द असतो, तोही दळतो, दोन्ही पिठं सारखी निघाली की खूण पटली. शब्द तारेवरून जातच नाही, आणि पिठावरून दाणा ओळखता येत नाही. शिवाय आत घेतल्यावरही मध्येच पुन्हा हटकायची त्याला मुभा असते.

तेव्हा चॅलेंज म्हणजे 'हटकणे' आणि त्या हस्तांदोलनाच्या जागी 'खूण पटणे'. आणि हो, अडॅप्टरला कुणी हटकत नाही. तो बिचारा दुभाष्या. हटकतात ते पलीकडच्या उपकरणाला.

प्रश्नकर्ती :

हटकणे! माझी आजी अंगणात आलेल्या प्रत्येकाला हटकायची, आणि मला हा शब्द सुचू नये. पण मग 'सुरक्षित' ठेवू का? वाक्यात दर ओळीला येतंय.

प्रतिसाद :

जपून. वेशीवर खूण पटली म्हणून आतलं बोलणं गुप्त होत नाही. चॅप फक्त माणूस ओळखतो, पुढचा मजकूर उघडाच जातो. तो कूटबद्ध करायचं काम वेगळं आणि त्याची सेटिंगही वेगळी. मूळ मजकुरात कुठे काय अभिप्रेत आहे ते बघून एकीकडे 'ओळख पटवणारे' आणि दुसरीकडे 'कूटबद्ध करणारे' लिहा. दोन्हीला 'सुरक्षित' लिहिलंत तर वाचणारा पहिलं करून निर्धास्त झोपेल.

प्रतिसाद :

कॉलबॅक राहिलाच. 'प्रत्याह्वान' वाचलंय मी कुठेतरी. कृपया नको.

प्रतिसाद :

नकोच. आपल्याकडे 'उलट टपाली' आहे की. उलट टपाली उत्तर, तसा उलट कॉल. शाखेने फोन लावायचा, मुख्य कार्यालयाच्या उपकरणाने न उचलता नुसता नंबर बघायचा, कारण डी चॅनलवर तो कॉल उचलायच्या आधीच येतो. मग कॉल सोडून द्यायचा आणि आपल्या यादीतल्या नंबरावर स्वतः फोन लावायचा. थोडक्यात मिस्ड कॉल. शाखेला खर्च शून्य, आणि कुणी खोटा नंबर दाखवून फसवायला गेलाच तरी उलट कॉल जातो तो खऱ्या शाखेतच.

या शून्यावरून आठवलं. साताऱ्याची शाखा, पुण्याला लावते आणि उलट कॉल येतच नाही. दोन दिवस गेले. केबल बदलली, एक्स्चेंजची तार जिथे येते ती भिंतीवरची एनटी-1ची पेटी बदलून घेतली, शाखेच्या मॅनेजरसाहेबांनी तर पेटीला हळदकुंकू लावायचंच बाकी ठेवलं होतं. तिसऱ्या दिवशी पुण्यातल्या उपकरणाची नोंद ओळीओळीने वाचली. येणारा नंबर 2162 ने सुरू होत होता, आमच्या यादीत मी टंकला होता 02162. एसटीडीचं शून्य हे लावणाऱ्यासाठी असतं, नंबराचा भाग नसतंच, त्यामुळे एक्स्चेंज ते पुढे पाठवत नाही. उपकरणाच्या लेखी तो नंबर अनोळखी, म्हणून त्याने कॉल सोडला. चूक माझीच.

घाईघाईने मी यादीतलं शून्य काढलं. आता नंबर ओळखला गेला, पण उलट कॉल लागेना, कारण पुण्याहून साताऱ्याला लावायला शून्य लागतंच! यादीत दोन रकाने होते आणि पुस्तिकेत दोन्हींच्या डोक्यावर एकच शब्द होता, 'नंबर'. मी दोन्हींत एकच भरला होता.

प्रश्नकर्ती :

माझ्याही पुस्तिकेत दोन्ही रकान्यांवर 'दूरध्वनी क्रमांक' असंच आहे. बदलते. पहिला 'ओळखायचा नंबर', शून्याशिवाय. दुसरा 'लावायचा नंबर', शून्यासकट.