आजारपणात अडकलेल्या गूढकथाकार मैत्रिणीला आम्ही लेखकांनी कशी मदत करावी?

रातकिडा

नमस्कार. आम्ही काही जण गूढकथा, भयकथा आणि ज्यांना नेमक्या कोणत्या सदरात टाकावे हे संपादकांनाही कळत नाही अशा चमत्कारिक लघुकथा लिहितो. एकमेकांचे कच्चे खर्डे वाचायचे, दिवाळी अंकाला पाठवण्याआधी त्यांची चिरफाड करायची आणि कुणाची कथा साभार परत आली की दुसऱ्या अंकाचे नाव सुचवायचे, असा आमचा अनेक वर्षांचा परिपाठ आहे. आमच्यातली सर्वांत ताकदीची लेखिका सध्या कठीण काळातून जात आहे. तिच्या यजमानांची मूत्रपिंडे निकामी झाल्यामुळे आठवड्यातून तीनदा डायलिसिस करावे लागते, सासूबाई अंथरुणाला खिळल्या आहेत आणि या धावपळीत तिची नोकरीही सुटली. दोन कथा अर्ध्यावर पडून आहेत. एक कथा गेल्या दिवाळीत छापून आली, पण तिचे मानधन अद्याप मिळालेले नाही आणि ते मागण्याइतके त्राण तिच्यात उरलेले नाही.

मदत करायची यावर आमचे एकमत आहे, कशी करायची यावर अजिबात नाही. एकाचे म्हणणे आहे की समाजमाध्यमांवर जाहीर आवाहन करून निधी जमवावा. पण तिने "मी कुणापुढे हात पसरणार नाही" असे पूर्वीच निक्षून सांगितले आहे. दुसऱ्याच्या मते तिच्या सर्व कथा गोळा करून त्यांचे ई-पुस्तक काढावे व विक्रीचे पैसे तिला द्यावेत. तिसरा म्हणतो की तिला काही काळ मोकळे सोडावे, कारण आपल्या चौकशांचाही भार होतो.

आणखी एक अडचण आहे, जी सामाजिक किंवा कौटुंबिक कथा लिहिणाऱ्यांना बहुधा येत नसावी. तिची नणंद तिला म्हणाली, "घरात एवढं आजारपण, आणि तू तिन्हीसांजेला मढ्यांच्या गोष्टी काय लिहीत बसतेस?" हे तिने आम्हाला हसत सांगितले, परंतु तेव्हापासून तिने वही उघडलेली नाही. अशा स्थितीतल्या लेखकाला त्याच्याच प्रकारात लिहिणाऱ्यांनी कोणती मदत करावी आणि कोणती करू नये, याविषयी अनुभवी मंडळींनी कृपया लिहावे.

जुनी वही

आपल्या प्रश्नाला एक जुना आणि बराच तपशीलवार नोंदला गेलेला दाखला आहे, तो अमेरिकेतील 'वियर्ड टेल्स' मासिकाभोवती जमलेल्या लेखकांचा. हे लोक एकमेकांपासून शेकडो मैल दूर राहत, त्यांतले अनेक जण एकमेकांना आयुष्यात कधी प्रत्यक्ष भेटले नाहीत, आणि तरीही पत्रांच्या आधारावर त्यांनी एकमेकांना धरून ठेवले.

१९३१ साली त्या मासिकाचे संपादक फार्न्सवर्थ राइट यांनी एच. पी. लव्हक्राफ्ट या भयकथाकाराची एक दीर्घकथा नाकारली आणि तो मनाने इतका खचला की नवीन लिहिले तरी ते कुठे पाठवण्याची उमेदच त्याला राहिली नाही. त्यात त्याला टंकलेखनाचा मनस्वी तिटकारा. १९३५च्या फेब्रुवारीत त्याने 'द शॅडो आउट ऑफ टाइम' ही कथा शाळकरी वहीत पेन्सिलीने लिहून संपवली आणि ते हस्तलिखित वाचायला म्हणून मित्रांकडे पाठवून दिले. त्या उन्हाळ्यात तो फ्लोरिडात रॉबर्ट बार्लो या आपल्या तरुण मित्राच्या घरी पाहुणा होता. बार्लोचे वय तेव्हा सतरा. या पोराने लव्हक्राफ्टचे ते किचकट, खाडाखोडीने भरलेले अक्षर लावत संपूर्ण कथा गुपचूप टंकित केली आणि त्याच्यापुढे ठेवली. पुढे ही टंकित प्रत मित्रांमध्ये फिरत असताना डोनाल्ड वँड्रे या लेखक मित्राने ती 'अस्टाउंडिंग स्टोरीज' या दुसऱ्या मासिकाच्या संपादकाकडे नेली आणि ती २८० डॉलरना स्वीकारली गेली. त्याच सुमारास, पूर्वी नाकारलेली ती दीर्घकथाही ज्युलियस श्वार्ट्झने त्याच मासिकाला विकली आणि दलाली वजा जाता लव्हक्राफ्टच्या हाती ३१५ डॉलर आले. १९३६च्या मार्चमध्ये त्याच्या मावशीची कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली, त्या वेळी या पैशांचे मोल काय असेल याची कल्पना करता येईल.

या सर्वांत लव्हक्राफ्टला कुणी "तुला मदत हवी आहे का?" असे विचारल्याचे दिसत नाही. ज्या कामापाशी त्याचे घोडे अडत होते, ते काम त्यांनी उचलले. खचलेल्या लेखकाला कथा सुचत नाही असे आपण धरून चालतो, पण पुष्कळदा अडते ते पुढल्या कंटाळवाण्या कामापाशी: टंकन, मुद्रितशोधन, योग्य अंक शोधणे, पत्र लिहिणे, आठवण करून देणे.

मात्र यात एक पथ्य आहे. 'अस्टाउंडिंग'ने त्या दीर्घकथेचे परिच्छेद तोडले आणि शेवटाकडचा मजकूर कापला, त्यामुळे लव्हक्राफ्ट भयंकर संतापला आणि अंकाच्या स्वतःच्या प्रतींवर हाताने दुरुस्त्या करत बसला. म्हणून मध्यस्थी करणाऱ्याने कथा पाठवून हात झटकू नयेत, मुद्रिते स्वतः पाहावीत.

खिळेजुळारी

मी दिवाळी अंकांच्या मांडणीचे आणि थोडेफार संपादनाचे काम करतो, त्यामुळे टेबलाच्या पलीकडून लिहितो.

पहिली गोष्ट मानधनाची. मदतनिधीच्या चर्चेत शिरण्याआधी तिचे हक्काचे पैसे वसूल करा. 'वियर्ड टेल्स'चा विषय निघालाच आहे तर त्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. टेक्सासमधील क्रॉस प्लेन्स गावात राहणारा रॉबर्ट हॉवर्ड हा त्या मासिकाचा अत्यंत लोकप्रिय लेखक होता. त्याची आई क्षयाने दीर्घकाळ आजारी होती, उपचारांचा खर्च डोईजड होत चालला होता, आणि १९३५च्या मे महिन्यात त्याला संपादकांना पत्र लिहून आपले थकलेले आठशेहून अधिक डॉलर अक्षरशः विनवून मागावे लागले. पुढच्या वर्षी, ११ जून १९३६ रोजी, आई अखेरच्या बेशुद्धीत असताना त्याने स्वतःचा अंत केला. तो तिसाव्या वर्षी गेला तेव्हाही मासिकाकडे त्याची बरीच रक्कम बाकी होती. त्याच्या मृत्यूचे कारण थकलेले मानधन होते असे म्हणणे उथळपणाचे ठरेल. परंतु चाहत्यांनी कौतुकाची पत्रे पाठवावीत आणि प्रकाशकाने पैसे थकवावेत, ही विसंगती आपल्याकडेही ओळखीची आहे. तेव्हा तुमच्यापैकी एकाने, तिची संमती घेऊन, कथेचे नाव, पृष्ठक्रमांक आणि बँक खात्याचा तपशील असलेले सरळ, नम्र पत्र त्या अंकाला पाठवावे. लेखक स्वतः मागतो तेव्हा त्याला संकोच वाटतो. तिसऱ्या माणसाला तो वाटण्याचे कारण नाही. आमच्याकडे अशी पत्रे आली की ती बाजूला पडत नाहीत, एवढे मी सांगू शकतो.

ई-पुस्तकाबाबत सबुरी ठेवा. अंकासाठी स्वतंत्रपणे लिहिलेल्या कथेचा स्वामित्वहक्क, लेखी करार करून दिला नसेल तर, लेखिकेकडेच असतो. कॉपीराइट कायदा, १९५७च्या कलम १९ नुसार हक्काचे हस्तांतरण लेखी आणि सहीनिशी व्हावे लागते, आणि त्यात मुदत नमूद नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते. म्हणजे मार्ग मोकळा आहे, पण संग्रहात कोणती कथा घ्यायची, कोणती जाळून टाकायची, हे तिने ठरवायचे आहे. तिच्या आजच्या मनःस्थितीत तो निर्णय तिच्यावर लादू नये.

उंबरठा

वरील दोन्ही प्रतिसाद मोलाचे आहेत, पण 'जुनी वही' यांच्या एका मुद्द्याशी मी सहमत नाही. गुपचूप टंकन करणे सतरा वर्षांच्या मुलाला शोभून गेले आणि त्याचा शेवट गोड झाला म्हणून आपण ते आठवतो. घरात आजारी माणूस असला की बाईच्या हातून एकेक निर्णय निसटत जातो: डॉक्टर ठरवतात, नातेवाईक ठरवतात, औषधांच्या वेळा ठरवतात. कथा एवढीच गोष्ट तिच्या मर्जीची उरलेली असते. तीही मित्रांनी परस्पर हलवली तर, हेतू कितीही चांगला असो, मला ते चालले नसते.

हे मी अनुभवाने लिहिते आहे. माझ्या वडिलांच्या आजारपणात प्रकृतीची चौकशी करणारे फोन पुष्कळ येत, आणि प्रत्येकाला रक्ततपासणीतले तेच क्रिएटिनिनचे आकडे सांगून मी थकून जात असे. एकच लेखक मित्र असा होता जो रात्री संदेश पाठवायचा: "तुझ्या त्या कथेत विहिरीतून बादली जड होऊन वर येते, तिच्यात काय आहे ते तुला ठाऊक आहे, की तूही अजून पाहिलेलं नाहीस?" मी कधी उत्तर देत असे, कधी नाही. त्याने उत्तराचा तगादा कधी लावला नाही, पण प्रश्न मात्र दर वेळी कथेबद्दलच असे आणि चांगलाच टोकदार असे. सहानुभूतीपोटी माझे लेखन गोड मानून घेतले असते तर मला ते तत्काळ कळले असते आणि लागलेही असते.

नणंदेच्या बोलण्याविषयी. अशा कथांना "अभद्र" म्हणणे आपल्याकडे घरातल्या भीतीपोटीच येते, तेव्हा त्या बाईंना वाईट ठरवून काही साधणार नाही. पण तुमच्या मैत्रिणीला एवढे जरूर सांगा की रुग्णालयाच्या मार्गिकेत तासन् तास बसणाऱ्या माणसाला नीटनेटक्या, सुखान्त कथा कित्येकदा खोट्या वाटतात. यंत्रातून आपल्या माणसाचे रक्त बाहेर जाते आणि धुऊन परत आत येते, हे दिवसाआड पाहणाऱ्या बाईला विचित्र कथा ही पळवाट वाटणार नाही. तिच्या भोवतीचे जगच त्या कथांच्या जवळ सरकलेले असते.

आणि ती लिहीत नसेल तर लिहू नये. 'वियर्ड टेल्स'मध्येच लिहिणाऱ्या क्लार्क अ‍ॅश्टन स्मिथने कॅलिफोर्नियातल्या ऑबर्नजवळ वृद्ध, आजारी आईवडिलांची सेवा करत, घरखर्च भागवण्यासाठीही, १९३०च्या आसपासच्या थोड्या वर्षांत शंभराच्या घरात कथा लिहिल्या. आई १९३५ला गेली, वडील १९३७ला, आणि त्यानंतर त्याचे कथालेखन जवळजवळ थांबले. तो दगड कोरून चित्रविचित्र शिल्पे करू लागला, कविता लिहीत राहिला. त्याला "पुन्हा कथा लिही" म्हणणारे मित्र होतेच, पण कलावंत म्हणून तो संपला होता असे मला वाटत नाही.

एक व्यावहारिक गोष्ट राहिली. राज्य शासनाच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिसचा समावेश आहे. अंगीकृत, म्हणजे योजनेत सामील असलेल्या, रुग्णालयात आरोग्यमित्र हे मदतनीस बसतात, त्यांच्याकडे शिधापत्रिका आणि ओळखपत्र घेऊन जावे लागते. हे तिने केले आहे का ते विचारा, आणि केले नसेल तर तुमच्यापैकी ज्याला सवड आहे त्याने तिच्याऐवजी रांगेत उभे राहावे. साहित्यिक मदतीपेक्षा ही मदत कमी दर्जाची मानू नका.

जुनी वही

उंबरठाताई, परवानगीचा आपला मुद्दा मान्य. दाखला अनुकरणासाठी घ्यायचा तो कामाचा, गुप्ततेचा नव्हे.

जाहीर आवाहनाबद्दल कुणी लिहिले नाही म्हणून थोडे लिहितो. वेल्श लेखक आर्थर मॅकन यांची १८९९ साली पत्नी कर्करोगाने गेली, तेव्हा ते पार कोलमडले होते आणि ए. ई. वेट या मित्राने त्यांना सावरले. उतारवयात पुन्हा पैशांची चणचण आली. १९४३ साली त्यांच्या ऐंशीव्या वाढदिवसाचे निमित्त करून निधीसाठी आवाहन काढण्यात आले, त्यावर टी. एस. एलियट, बर्नार्ड शॉ, वॉल्टर डे ला मेअर, जॉन मेसफिल्ड आणि स्वतः गूढकथाकार असलेले अल्जर्नन ब्लॅकवुड यांची नावे होती. त्या पैशांवर मॅकन यांची १९४७पर्यंतची अखेरची वर्षे बऱ्यापैकी निश्चिंतीत गेली. यात निमित्त फार विचारपूर्वक निवडलेले होते. ते लेखकाच्या गौरवाचे होते, आणि नावे समव्यवसायी लेखकांची होती. आपल्याकडच्या आवाहनांत रुग्णाचे नळ्या लावलेले छायाचित्र आधी येते, लेखकाची ओळख नंतर, किंवा येतच नाही. तुमच्या मैत्रिणीचा नकार पैशांना आहे की त्या छायाचित्राला, हे एकदा शांतपणे विचारून पाहावे.

निधी जमवलाच तर एक लक्षात ठेवा: नातेवाईक सोडून इतरांकडून एका आर्थिक वर्षात मिळालेली एकूण भेटरक्कम ५०,००० रुपयांच्या वर गेली, तर वरचीच नव्हे, सगळी रक्कम तिच्या उत्पन्नात धरली जाते. आधी एखाद्या सीएचा सल्ला घ्या.

रातकिडा

सर्वांचे मनापासून आभार. काल तिच्याशी सविस्तर बोललो. जाहीर आवाहनाला तिचा नकार कायम आहे. छायाचित्राशिवाय आणि गौरवाच्या निमित्तानेही नको, असे ती म्हणाली, तेव्हा तो विषय आम्ही बंद केला आहे. मानधनाचे पत्र आमच्यापैकी एक जण पाठवील, याला तिने लगेच होकार दिला. योजनेचा अर्ज अर्धवट राहिला होता. त्यासाठी उद्या आमचा एक मित्र तिच्या दिरांबरोबर रुग्णालयात जाणार आहे.

कथांच्या बाबतीत तिने स्वतःहून एक गोष्ट मागितली, याचे मला आश्चर्य वाटले. तिच्या जुन्या कथा, म्हणजे मोबाइलवर लिहू लागण्यापूर्वीच्या, श्रीलिपी या जुन्या फाँटप्रणालीत टंकित केलेल्या आहेत आणि आता तिच्या संगणकावर त्या नुसत्या इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला दिसतात. "त्या मला पुन्हा वाचता आल्या तर बरं होईल, छापायच्या नाहीत, फक्त वाचायच्या आहेत," असे ती म्हणाली. खिळेजुळारी, हे काम कसे करावे?

खिळेजुळारी

होईल. मूळ वर्ड किंवा पेजमेकर फाइल असेल तर तीच पाठवा, पीडीएफ शक्यतो नको. आजच्या संगणकांना कळणाऱ्या युनिकोडमध्ये रूपांतर करणारी साधने आहेत, पण त्यांच्या भरवशावर फाइल सोडता येत नाही: जुन्या फाँटमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार अक्षरानंतर टंकित होतो, त्यामुळे रूपांतरात ती चिन्हे शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतात, आणि "दुसऱ्या", "वाऱ्या" अशा शब्दांतला ऱ्या तर हमखास बिघडतो. म्हणून रूपांतरानंतर प्रत्येक कथा छापील अंकाशी ओळीओळीने ताडून पाहावी लागेल. रूपांतर मी करून देतो. ताडून पाहण्याचे काम तुम्ही मंडळी कथा वाटून घेऊन करा, आणि जिथे छापील अंक व फाइल यांत फरक आढळेल तिथे स्वतः दुरुस्ती न करता पिवळी खूण करून ठेवा. काही ठिकाणी आम्हा संपादकांनीच तिचे वाक्य बदललेले असण्याची शक्यता आहे, आणि तिला तिचे वाक्य परत हवे असेल.