विटीदांडूतलं 'लेंड' हिंदीत कसं लिहू?

पेठकर६२: वडिलांच्या आठवणी टाइप करतोय, सूनबाईंना मराठी वाचता येत नाही म्हणून हिंदीतही करायच्यात. बालपण सगळं भवानी पेठेत. एक वाक्य आहे, "माझं लेंड आलं आन् असा टोला हाणला की विटी बोळाच्या पल्याड". सून विचारते लेंड म्हणजे बकरीची का? काय लिहू?

दांडूबहाद्दर: अहो वकट, लेंड, मूंड, नाल, आर, वेद, झकू! गलीपासून, म्हणजे जमिनीतल्या खड्ड्यापासून, विटीपर्यंत दांडूने मोजत जायचं, मोजणी जिथं संपेल त्या नावाचा टोला. वकट आलं की विटी पायाच्या चवड्यावर.

कसब्याची_ताई: चवड्यावर लेंड! वकट मुठीवर. आणि हो, आम्ही मुलीपण खेळायचो.

बोलघेवडा: ते तेलुगू आकडे आहेत. ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु, आरु, एडु. कन्नड नाही, तिथं एकला ओंदु म्हणतात, वकट कुठून येणार. नाना पेठ, भवानी पेठेत पद्मशाली, म्हणजे तेलुगू विणकरांची, वस्ती होतीच की.

शुद्धमती: माझं आजोळ सातारा, तिथं कुठले पद्मशाली? तिथंही वकटच. मला तर हे 'विकट'वरून वाटतं. आणि तेलुगूच म्हणता तर पाच कुठे गेला? ऐदु?

बोलघेवडा: पोरांनी खाल्ला :) नालनंतर डायरेक आर, हे मात्र खरंय, मलाही कोडंच आहे. पण विकट म्हणजे कायच्या काय हां ताई.

गंजपेठी: पद्मशाली म्हटलं म्हणून, आमच्या शेजारच्या आज्जी विड्या वळायच्या, मांडीवर सूप, सुपात जर्दा, आणि आम्हा पोरांना पत्र्याचा फर्मा ठेवून कात्रीने पानं कापायला लावायच्या, शंभर झाली की मगच दांडू हातात. विड्यांच्या जुडीला त्या कट्टा म्हणायच्या, तोही तेलुगूच म्हणे. पुण्याचा बसायचा कट्टा त्यातलाच का?

शुद्धमती: छे! बसायचा कट्टा वेगळा, ओट्यासारखा. उगाच सगळं तेलुगू करू नका.

दांडूबहाद्दर: आमच्या कट्ट्यावर विड्याच ओढायचे, मग एकच की.

पेठकर६२: मंडळी, माझा प्रश्न कोललात तुम्ही. हिंदीत 'लेंड'च ठेवू का?

कसब्याची_ताई: ठेवा, पण चवड्यावर असं लिहा.

दांडूबहाद्दर: मुठीवर!!