मदत हवी आहे: वारा, कोरडेपणा आणि गडगडाट एकाच आकड्यात बसवले, आणि धोका दिसलाच नाही

नमस्कार. प्रश्न लांबलचक आहे, पण अडलंय कुठे हे कळायला मागचं थोडं सांगावं लागेल.

आमचा एक लहान गट वणव्याच्या दिवसांत जंगलावर पहारा ठेवतो. धूर दिसला की कळवायचं, आग लहान असेल तर ओल्या फांद्यांनी झोडपून विझवायची, जाळरेषा साफ ठेवायच्या. गेले दोन हंगाम मी या गटासाठी रोज सकाळी धोक्याचा नकाशा काढते. हवामान मॉडेलमधून तापमान, सापेक्ष आर्द्रता, वारा आणि पाऊस घेते, त्यावर कॅनडाच्या फायर वेदर इंडेक्सची (हवामानावरून वणव्याचा धोका मोजणारा निर्देशांक, पुढे एफडब्ल्यूआय) गणितं चालवते. त्या पद्धतीत विजेचा विचारच नाही, म्हणून गडगडाटाचे गुण मी स्वतः जोडले. वारा, कोरडेपणा, गडगडाट, तिघांना प्रत्येकी १०० पैकी गुण द्यायचे आणि सरासरी काढायची. पहाऱ्याच्या पाळ्या त्या आकड्यावर ठरतात.

या हंगामात एका दुपारी गडगडाटाचा अंदाज होता. मॉडेलने नकाशावरच्या आमच्या चौकोनात ४ मिमी पाऊस दाखवला. आर्द्रता वाढलेली, सरासरी वारा मंद, म्हणून गडगडाटाचे गुण जास्त असूनही एकूण आकडा ३८ आला. म्हणजे मध्यम. संध्याकाळची पाळी आम्ही रद्द केली. प्रत्यक्षात पाऊस दरीच्या एकाच अंगाला पडला. दुसऱ्या अंगाला विजा कडाडल्या, चार टपोरे थेंब आले आणि संपलं. पुढचे चार दिवस काहीच नाही. पाचव्या दिवशी वारा सुटला आणि त्याच अंगाला एका वठलेल्या झाडाच्या बुंध्यातून आग बाहेर पडली. त्या दिवशीही माझा नकाशा मध्यमच होता! आमचे दोघे उतारावर होते, त्यांना सगळं टाकून पळावं लागलं. इजा कोणाला झाली नाही, पण तेव्हापासून सकाळी नकाशा पाठवताना हात थांबतो.

विचारायचंय ते असं. हे तीन घटक एकत्र करण्याची पद्धतच चुकली आहे का? गडगडाटाबरोबर थोडा पाऊस दिसला तर तो किती धरावा? आणि वीज पडून गेल्यावर किती दिवस लक्ष ठेवायचं?

प्रतिसाद १

आधी कच्चा माल तपासा, सूत्राकडे नंतर वळू. एफडब्ल्यूआयला स्थानिक प्रमाणवेळेनुसार दुपारी १२ ची नोंद लागते. वारा १० मीटर उंचीवरचा, ताशी किलोमीटरमध्ये. पाऊस आदल्या दुपारपासूनच्या २४ तासांचा. बरीच मॉडेलं वारा मीटर प्रति सेकंदात देतात. तो तसाच सूत्रात घातला तर वारा साडेतीन पटींहून कमी धरला जातो आणि नकाशा कायम शांत दिसतो. हंगामाच्या सुरुवातीला जमिनीवरच्या तीन थरांच्या कोरडेपणासाठी ८५, ६ आणि १५ हे ठरावीक आकडे घातले असतील तर तेही बघा. मागचा काळ कोरडा गेला असेल तर शेवटचा आकडा, म्हणजे खोलवरच्या दुष्काळाचा, १५ पेक्षा कितीतरी वर असायला हवा.

धागाकर्ती

वाऱ्याचं एकक बरोबर आहे, गेल्या वर्षीच ती चूक सुधारली होती. वेळेत मात्र सापडले. मी १२ यूटीसीची (जागतिक प्रमाणवेळेची) नोंद घेत होते आणि आमच्या रेखांशावर ती दुपार नव्हेच. मनापासून धन्यवाद. पण दुपारची नोंद घेऊन ते पाच दिवस पुन्हा चालवले, तरी पहिला दिवस मध्यमच येतो. पाचवा थोडा वर सरकला, धोक्याच्या रंगात नाही गेला.

प्रतिसाद २

कारण सरासरी. सरासरीत एकाचा जोर दुसऱ्याच्या मंदपणात विरून जातो, आणि हे तिघे एका जातीचे नाहीत. कोरडेपणा ही साठत जाणारी स्थिती. वारा पसरण्याचा वेग वाढवतो, तोही गुणाकाराने. एफडब्ल्यूआयमध्येच बघा, वारा ताशी सुमारे १४ किमीने वाढला की प्रारंभिक पसरणीच्या निर्देशांकातला वाऱ्याचा गुणक दुप्पट होतो. हॉट-ड्राय-विंडी नावाचा साधा निर्देशांक तर जमिनीलगतच्या थरातला वारा आणि बाष्पदाबाची तूट (हवेत अजून किती बाष्प मावेल त्याचं माप) यांचा सरळ गुणाकार आहे. गडगडाट मात्र ठिणगी आहे. ठिणगीची सरासरी वाऱ्याशी काढून हाती काय लागणार?

अमेरिकेच्या स्टॉर्म प्रेडिक्शन सेंटरचे वणवा-हवामानाचे अंदाज पाहिलेत तर हे लगेच दिसेल. वारा आणि कमी आर्द्रतेमुळे गंभीर किंवा अतिगंभीर ठरलेले भाग एका प्रकारे आखतात. कोरड्या गडगडाटाचे भाग वेगळे, ‘तुरळक’ आणि ‘विखुरलेले’ अशा दोन पायऱ्यांत. दोन्ही एकाच नकाशावर असतात, पण एकमेकांत मिसळत नाहीत. तुम्हीही दोन थर ठेवा.

पावसाबद्दल. कोरडा गडगडाट म्हणजे पाऊस अजिबात नाही असं नव्हे. तिथे साधारण एक दशांश इंच, म्हणजे २.५ मिमीपेक्षा कमी पाऊस असेल तर तो कोरडा धरतात. पण तुमचे ४ मिमी म्हणजे मॉडेलच्या अख्ख्या चौकोनाची सरासरी. गडगडाटी पाऊस पट्ट्यापट्ट्यांनी पडतो, एका अंगाला १० मिमी आणि दुसऱ्याला शून्य असं सहज होतं. आणि वीज पावसाच्या पट्ट्याबाहेरही पडते.

म्हणून पावसाच्या आकड्याआधी हवेची उभी रचना बघा. रोरिग आणि फर्ग्युसन यांनी १९९९ मध्ये अमेरिकेच्या वायव्य भागासाठी कोरडे आणि ओले गडगडाटी दिवस वेगळे काढले, ते दोनच गोष्टींवरून: ८५० हेक्टोपास्कल पातळीवर (साधारण दीड किलोमीटर उंचीवर) तापमान आणि दवबिंदू यांतला फरक, आणि ८५० ते ५०० हेक्टोपास्कल (साधारण साडेपाच किलोमीटर) यांमधला तापमानातला फरक. खालची हवा कोरडी, ढगाचा तळ उंच आणि वर अस्थिरता असेल तर पाऊस वाटेतच आटतो, वीज तेवढी जमिनीपर्यंत पोचते. त्यांचे उंबरठे जसेच्या तसे उचलू नका, तुमच्या भागाचे स्वतः काढा.

आणखी एक, ते मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. वाटेत आटणारा पाऊस हवा थंड करतो, ती जड हवा खाली कोसळते आणि जमिनीवर आपटून चहूकडे पसरते. वादळ दूर असलं तरी हा झोत येऊन वाऱ्याची दिशा काही मिनिटांत फिरवतो. ३० जून २०१३ ला अ‍ॅरिझोनातल्या यार्नेल हिलच्या आगीत असाच झोत आला, आग उलटली आणि अग्निशमन दलाचे १९ जण गेले. ती आग दोन दिवस आधी विजेनेच लागली होती. तुमच्या चौकोनी सरासरीत हा झोत दिसणार नाही. त्यामुळे गडगडाटाचा अंदाज असेल त्या दिवशी, आकडा काहीही असो, उतारावर माणसं पाठवताना माघारीची वाट आधी ठरवा.

प्रतिसाद ३

पाचव्या दिवसाचं उत्तर वर आलेलं नाही, म्हणून लिहितो. तुमच्या गणिताला स्मृती आहे, आणि न पडलेला पाऊस त्या स्मृतीत जाऊन बसला.

एफडब्ल्यूआय ओलावा तीन थरांत मोजतो. वरचा पालापाचोळा (एफएफएमसी) अर्धा मिलिमीटर ओलांडला की भिजतो, पण दोनतीन दिवसांत पुन्हा वाळतो. त्याखालचा कुजट थर (डीएमसी) दीड मिलिमीटरनंतर भिजतो आणि त्याचा वाळण्याचा कालावधी सुमारे १२ दिवसांचा आहे. सगळ्यांत खालच्या थराचा (डीसी) उंबरठा २.८ मिमी आणि कालावधी ५२ दिवस. तुमचे ४ मिमी तिन्ही उंबरठे ओलांडतात. पाचव्या दिवसापर्यंत पाचोळा कागदावर सावरला असेल, पण कुजट थर ओलाच राहिला. अंदाजाचा पाऊस दुसऱ्या दिवशी प्रत्यक्ष मोजलेल्या पावसाने बदलता का? बदलत नसाल तर मुळाशी हेच आहे.

वीज बहुधा नेमकी याच थरात किंवा वठलेल्या लाकडात शिरते. जिचा प्रवाह क्षणभर जास्त टिकतो ती वीज जास्त पेटवते. मग आग धूर न दाखवता धुमसते. बऱ्याच आगी एकदोन दिवसांत वर येतात, काही आठवड्याहूनही जास्त दडून राहतात. म्हणून विजांची वही ठेवा. कुठे पडली, कधी पडली, तिथे खरा पाऊस किती झाला. कोरड्या जागी पडलेली प्रत्येक वीज किमान दहा दिवस नकाशावर राहू द्या, आणि त्या काळात वारा वाढून आर्द्रता उतरण्याचा अंदाज आला की तीच ठिकाणं आधी पाहा.

प्रतिसाद ४

थोडी भर. आर्द्रतेच्या टक्क्यांवर फार विसंबू नका. २०% आर्द्रता १० अंशांना असेल तर बाष्पदाबाची तूट १० हेक्टोपास्कलच्या आसपास येते. तीच आर्द्रता ३५ अंशांना असेल तर तूट सुमारे ४५. पाचोळ्यातून पाणी ओढण्याची हवेची ताकद तिथे साडेचार पट झाली, टक्के मात्र तेच. रात्रीही बघा. पहाटेपर्यंत आर्द्रता वर चढली नाही तर दुसऱ्या दिवशी आग सकाळीच जोर धरते.

‘मध्यम’, ‘जास्त’ हे उंबरठे दुसऱ्या देशाच्या तक्त्यातून घेतले असतील तर ते सोडा. जुनी हवामान माहिती तुमच्या चौकोनासाठी चालवून वरच्या ५% दिवसांचा आकडा काढा. आणि पडताळताना ‘आग लागली नाही म्हणजे अंदाज चुकला’ असं मोजू नका. ठिणगीच पडली नसेल तर तुमचा नकाशा काय करणार?

धागाकर्ती

प्रतिसाद ३ वाचून गणित उघडलं. अंदाजाचा पाऊस मी कधीच बदलत नव्हते, दोन हंगाम. काल त्या दिवसाचा पाऊस शून्य करून पाचही दिवस पुन्हा चालवले. पाचवा दिवस थेट लाल आला. बराच वेळ नुसती बघत बसले.

तर उद्यापासून असं करते. रोज दुपारी मोजलेला पाऊस भरायचा. गडगडाटाचा अंदाज असेल तेव्हा गणित दोनदा चालवायचं, एकदा पाऊस धरून आणि एकदा न धरता, आणि गटाला दोन्ही नकाशे द्यायचे. सरासरी काढून टाकली. वारा आणि कोरडेपणा एका थरात, विजा दुसऱ्या थरात. माघारीच्या वाटेचं गटाच्या बैठकीत आजच बोलले, एकानेही खळखळ केली नाही.

एकच शंका उरली. वहीसाठी विजांची माहिती उपग्रहाची घेतली तर चालेल का?

प्रतिसाद ३

नसण्यापेक्षा बरी. पण उपग्रह वरून फक्त चमक पाहतो. ढगातल्या ढगात चमकली की जमिनीवर पडली हे तो सांगत नाही, आणि त्याचा ठिपकाही काही किलोमीटरचा असतो. जमिनीवरच्या संवेदकांच्या जाळ्याची माहिती मिळाली तर तीच घ्या, त्यात पडलेली वीज वेगळी कळते. तोवर उपग्रहाचा ठिपका हा जागेचा पत्ता न धरता शोधायचा परिसर धरा, आणि त्यातल्या वठलेल्या झाडांकडे आधी जा.