इच्छामरणाचा कायदा हवा की नको? खाटेजवळ बसून विचारतोय

वावरकर
मागच्या उन्हाळ्यात बाबा गेले. चाळीस वर्षं तंबाखूचा खर्रा, शेवटी गालातून कॅन्सरची गाठ बाहेर आली. नागपूरच्या डॉक्टरांनी "घरी न्या" सांगितलं. पुढचे अडीच महिने ओसरीतली खाट. नाकात नळी घालू देईनात. कापसाच्या बोळ्यानं ओठांवर पाणी पिळायचो. म्हणायचे, "बाबू, मी तं केव्हाचाच गेलो. खाटेवरचं उचलाचं राह्यलं फक्त."
सुप्रीम कोर्टानं २०१८ मध्ये सन्मानानं मरणं हा राज्यघटनेच्या कलम २१ (जगण्याचा हक्क) खालचा हक्क मानला. पण परवानगी कशाची, तर व्हेंटिलेटर, नळ्या काढायची. इथं काढायला होतं काय? नेदरलँड्समध्ये २००२ पासून, दुखणं असह्य असेल, सुधारायची आशा नसेल, रुग्णानं स्वतः मागितलं असेल आणि दुसऱ्या डॉक्टरनंही तपासलं असेल, तर डॉक्टर मरण देऊ शकतो. आपल्याकडे का नको?

धामकाठ
कायदा कशाला? आमच्या पवनारला विनोबांनी नोव्हेंबर १९८२ मध्ये अन्न-औषध सोडलं आणि १५ तारखेला, ऐन दिवाळीत, देह ठेवला. कोणाची परवानगी मागितली नाही.

वावरकर
भाऊ, विनोबा ८७ वर्षांचे, सेवेला अख्खा आश्रम. बाबा ६१ चे, सेवेला आई आणि मी. घास तर बाबांचाही सुटलाच होता. तो सोडलेला नव्हता, गिळवत नव्हता. दोन्हीला एकच नाव देऊ नका.

पांदणरस्ता
मी आशा कार्यकर्ती आहे, घरोघरी आरोग्याच्या फेऱ्या करते, यवतमाळ जिल्ह्यात. माझा ठाम विरोध. माझ्याकडची एक आजी, कंबरेचं हाड मोडून पडलेली, दर फेरीला म्हणायची, "पोरी, मराची सुई असन तं दे." कारण विचारलं तर, "माह्यापायी सुनेची मजुरी बुडते." कापूस वेचणीचे दिवस होते. वेचणी सरली, सून घरी राहू लागली, तर हीच आजी म्हणते, चष्म्याचा नंबर काढून दे!
वेचणीच्या महिन्यात कागद पुढे केला असता तर तिनं अंगठा दिला असता की नाही? जिथं कर्जापायी माणसं जीव देतात तिथं सरकारनं मरणाचाही फॉर्म काढायचा?

वावरकर
ताई, तुमची आजी अटीतच बसत नाही. तिच्यासाठी बाबांना का अडकवता?

पांदणरस्ता
अटी तपासणार कोण? पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) डॉक्टर कोणत्या वारी असतात ते आधी सांगा.

तहसीलसमोर
आहे तो कायदा तरी कुठं पोचलाय? २०२३ पासून 'मला नळ्या लावू नका' हे इच्छापत्र नोटरीपुढे किंवा राजपत्रित अधिकाऱ्यापुढे करता येतं. मी करायला गेलो. नोटरी म्हणाले, "बरं, वावर कोणाच्या नावानं?" अर्धा तास समजावलं, तरी वारसांची नावं विचारतच होते.
मुंबईच्या केईएम हॉस्पिटलातल्या नर्स अरुणा शानबाग हल्ल्यानंतर तिथंच बेशुद्धीत पडून होत्या. त्यांना मरू द्या, हा अर्ज २०११ मध्ये कोर्टानं फेटाळला, कारण केईएमच्या नर्सेसना त्या हव्या होत्या. ४२ वर्षं सांभाळलं त्यांनी. खेड्यात तसं कोण आहे? म्हणून मी अजून कुंपणावर.

गोळीऔषध
वावरकरभाऊ, राग मानू नका. बाबांना दुखणं थांबवणारं मॉर्फीन मिळत होतं? २०१४ मध्ये अमली पदार्थांचा कायदा बदलून ते द्यायची परवानगी सोपी केली, तरी तालुक्यात कुणी ठेवत नाही. दुखणं न थांबवता 'मरण हवं का' विचारलं तर माणूस हो म्हणणारच.

वावरकर
शेवटच्या आठवड्यात मिळालं. नागपूरहून, एस्टीनं जाऊन आणलं. त्या रात्री बाबा सलग झोपले. सकाळी चहा मागितला, बोळ्यानं लावला. दिवसभर मरणाचं नाव नाही.

पांदणरस्ता
मग?

वावरकर
मग तिसऱ्या दिवशी परत मागितलं, ताई. दुखत नसताना.