एल्कच्या शिकारीला हँडहेल्ड जीपीएस घेऊ की फोनवरच भागेल?

सातारी_डेन्व्हर
मंडळी, सल्ला हवाय. शिकार करावी की नको यावर भांडायचं असेल तर प्लीज वेगळा धागा काढा, इथे नको. डेन्व्हरला नऊ वर्षं झाली, ग्रीन कार्ड आलं, हंटर एज्युकेशनचा कोर्स करून कार्ड घेतलं (कोलोराडोत १ जानेवारी १९४९ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या कुणालाही त्याशिवाय लायसन्स मिळत नाही) आणि आता ऑफिसातल्या एका सिनियरबरोबर ऑक्टोबरच्या शेवटी दुसऱ्या रायफल सीझनला एल्कच्या (इथलं मोठं हरीण) शिकारीसाठी फ्लॅट टॉप्समध्ये (कोलोराडोतलं डोंगरी पठार) चाललोय. गाडीपासून पाचेक मैल आत तंबू, पाच दिवस मुक्काम, मोबाइलची रेंज शून्य.

हा सिनियर पासष्टीचा आहे, त्याच्याकडे गार्मिन कंपनीचं एक जुनं पिवळं डबडं (हातात धरायचं जीपीएस) आहे ज्याची बटणं झिजून गुळगुळीत झालीयेत, आणि त्याचं म्हणणं फोन म्हणजे खेळणं, डोंगरात नेऊ नये. माझ्या फोनवर ऑनएक्स (शिकाऱ्यांचं मॅप अ‍ॅप) आहे, मॅप भारी दिसतात, मग वर चार-पाचशे डॉलर कशाला घालायचे हे मला कळेना. बायकोचा हिशोब वेगळाच चाललाय, बंदूक झाली बूट झाले केशरी जॅकेट झालं आता अजून एक डबडं का म्हणून. वासोटा, मधुमकरंदगड वगैरे पोरवयात पायाखाली घातलेत त्यामुळे रान नवीन नाही, पण तिथे संध्याकाळपर्यंत कुठलं ना कुठलं गाव लागायचंच.

बोझमनचा_बाळ्या
भाऊ, मी मोंटानात बारा वर्षं शिकार करतोय, दोन्ही वापरून झालंय.

आधी एक गैरसमज काढून टाका, तुमच्या सिनियरचाही असेल तर त्याचाही. रेंज नसली तरी फोनचा जीपीएस चालतो. फोन उपग्रहांचं थेट ऐकतो, टॉवरचा त्यात संबंध नाही, एअरप्लेन मोडवर टाकला तरी ठिपका दिसत राहतो. फक्त मॅप आधी घरी वायफायवर उतरवून ठेवायचा, आणि ठेवलाय असं नुसतं समजायचं नाही, एअरप्लेन मोड लावून तो भाग पूर्ण झूम करून बघायचा. मी पहिल्या वर्षी हे केलं नव्हतं, डोंगरावर फोन काढला तर करड्या चौकोनांवर एक निळा ठिपका, बाकी काही नाही. ठिपका अगदी अचूक होता म्हणे 😄

फोनचा खरा फायदा जमिनीच्या हद्दी. कोलोराडोत खाजगी जमिनीला पाटी नसली कुंपण नसलं तरी परवानगीशिवाय तिथे शिकार करता येत नाही, "मला दिसलं नाही हो साहेब" चालत नाही. फ्लॅट टॉप्सचा आतला भाग नॅशनल फॉरेस्टच आहे, म्हणजे सरकारी, पण कडेला, रस्त्याजवळ खाजगी रँचेस लागतात. वायोमिंगला तर चौकोन आड चौकोन, एक सरकारी एक खाजगी, बुद्धिबळाच्या पटासारखं. तिथे चार शिकाऱ्यांनी २०२१ मध्ये दोन सरकारी चौकोनांच्या कोपऱ्यावरून पलीकडे पाय टाकला आणि त्याची केस फेडरल अपील कोर्टापर्यंत गेली, २०२५ च्या मार्चमध्ये निकाल शिकाऱ्यांच्या बाजूने लागला. एका पावलासाठी इतकी वर्षं! हद्दीचे हे थर फोनवर जितके ताजे आणि स्वच्छ दिसतात तितके त्या पिवळ्या डबड्याच्या छोट्या स्क्रीनवर दिसणार नाहीत.

आता उलटी बाजू, आणि ही लक्षात ठेवा. एल्क पडतो बहुतेक वेळा संध्याकाळी, उजेड संपता संपता. मग अंधारात डोक्याला हेडलॅम्प लावून सोलायला बसायचं, कोपरापर्यंत हात भरलेले, बोटं बधिर, बर्फ भुरभुरतोय. अशा वेळी जागेचा वेपॉइंट (मॅपवरची खूण) टाकायचा असतो कारण सगळं मांस एका खेपेत निघत नाही, अख्खा नर एल्क असेल तर चार-पाच खेपा होतात. मी फोन काढला. स्क्रीन बोट ओळखेना. जॅकेटला पुसून पुन्हा लावलं, लाल फराटा उमटला आणि मॅप भलतीकडेच सरकला. मग नाकाने दाबून बघितलं (खोटं सांगत नाही, नाक चालतं). तेवढ्यात ४० टक्के दाखवणारा फोन थंडीने पटकन बंद पडला. परतताना मित्राच्या बटणवाल्या जीपीएसवर चाललो, हातमोजे न काढता.

डेटावाला_ऑस्टिन
एवढं काही नाही हो, जुन्या लोकांना डबडी आवडतात म्हणून काय आपणही घ्यायची का. घरात पडलेला जुना फोन घ्या, त्यात सिम नसलं तरी मॅप उतरवून ठेवा, झाला तुमचा दुसरा जीपीएस, फुकटात. वर २० हजार एमएएचची एक पॉवरबँक. नव्या फोनांत दोन फ्रिक्वेन्सीचा जीपीएस येतो, अचूकतेत जुनं गार्मिन त्यांच्या जवळपास पण नाही. चारशे डॉलरमध्ये चांगली स्लीपिंग बॅग येते, तिचा उपयोग जास्त.

बोझमनचा_बाळ्या
@डेटावाला अचूकतेबद्दल मान्य, शंभर टक्के. पण पाच मीटर की तीन मीटर यावरून रानात कुणी मरत नाही, बॅटरीवरून अडतं. पॉवरबँकमध्ये आतून तेच लिथियम-आयन, शून्याच्या खाली तीही मलूल होते, आणि गारठलेला फोन चार्ज घ्यायलाच नाही म्हणतो. पोर्टमध्ये ओल गेली की "द्रव आढळला" म्हणून रुसून बसतो ते वेगळंच. रात्री फोन आणि पॉवरबँक दोन्ही स्लीपिंग बॅगमध्ये पोटाशी घेऊन झोपायचं, दिवसा आतल्या खिशात. हे करणार असाल तर तुमची आयडिया चालेल, वाईट नाही.

उलट एए सेलवर चालणाऱ्या हँडहेल्डला (ईट्रेक्स घ्या किंवा जुनं जीपीएसमॅप ६४) लिथियमचे सेल घालायचे, रिचार्जवाले नाही, दुकानात मिळतात ते एकदाच वापरायचे. उणे ४० पर्यंत चालतात आणि वजनालाही हलके. चार जास्तीचे खिशात टाकले की पाच दिवस निघतात, फक्त रिसीव्हर दिवसभर चालू ठेवू नका, लागेल तेव्हा लावा. आणि चारशे कशाला, सेकंडहँड बघा.

कोकणकडा_नाशिक
आमच्याकडे १९७२ च्या कायद्याने शिकार बंद, त्यामुळे एल्कबद्दल काही बोलत नाही (बघायला मात्र आवडेल, फोटोत तर आपल्या सांबराचा थोरला भाऊ वाटतो). पण जीपीएसचं थोडं सांगतो. नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड चढताना दोन्ही बाजूला कातळ उभे, आभाळाची नुसती पट्टी दिसते, तिथे रेकॉर्ड केलेला ट्रॅक घरी येऊन बघितला तर आम्ही मधूनच कड्यातून आरपार गेलेलो. सिग्नल कातळावर आपटून येतो त्यामुळे असं होतं, फोन आणि हँडहेल्ड दोघांचंही. खोल घळीत ठिपक्यावर डोळे झाकून पाऊल टाकू नका एवढंच.

आणि पावसात टचस्क्रीन म्हणजे डोक्याला ताप, थेंब पडले की फोन आपला आपण झूम करत बसतो.

अजून एक, तुम्ही लोक ते इनरीच वगैरे सॅटेलाइटवरून मेसेज पाठवणारं घेता ना, ते सुट्टीला येताना बॅगेत आणू नका. आपल्याकडे परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन आणि तसली यंत्रं बेकायदा आहेत, एअरपोर्टवर परदेशी ट्रेकर लोकांना अडकवलंय यावरून.

सातारी_डेन्व्हर
@कोकणकडा बरं झालं सांगितलंत, डिसेंबरमध्ये येतोय, घेतलं असतं तर बॅगेतच राहिलं असतं.

काल सिनियरच्या गॅरेजमध्ये बसलो होतो. त्याने वहीतून कॅम्पच्या जागेचे आकडे (को-ऑर्डिनेट्स) दिले, १९९६ पासून तिथेच जातोय म्हणे. मी ते फोनमध्ये टाकले तर ठिपका त्याने सांगितलेल्या झऱ्यापासून बराच बाजूला, उतारावर. तो म्हणाला बघ तुझा फोन चुकतोय. मी म्हटलं तुमचं चुकतंय. अर्धा तास हेच.

बोझमनचा_बाळ्या
दोघंही बरोबर 😄 त्याने ते आकडे जुन्या कागदी टोपोशीटवरून (चढउतार दाखवणारा नकाशा) काढले असणार. अमेरिकेच्या जुन्या शीट १९२७ च्या मापनावर (डेटम, म्हणजे आकडे कुठून मोजायचे तो पाया) बेतलेल्या आहेत, फोन १९८४ चं जागतिक मापन धरतो. आकडे तेच, पण जमिनीवर जागा शेकडो फूट सरकू शकते. शीटच्या खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात कुठलं मापन ते लिहिलेलं असतं, आणि त्याच्या डबड्याच्या सेटिंगमध्ये बहुतेक अजून १९२७ वालंच लावलेलं असेल. निघायच्या आधी दोघांनी एकच मापन लावा आणि गाडी लावायच्या जागेचे आकडे दोन्हीकडे वाचून जुळवा. नाहीतर तो रेडिओवर आकडे सांगेल आणि तुम्ही मांडीचं धूड पाठीवर घेऊन भलत्याच झाडीत शोधत बसाल.

आणि ती शीट फेकू देऊ नका त्याला, सोबत घ्या. फ्लॅट टॉप्स नावाप्रमाणे वर सपाट आहे, दहा हजार फुटांवर मैलोन् मैल पठार, ढग उतरले की चारी दिशा सारख्या. होकायंत्र तिथे खऱ्या उत्तरेच्या साधारण आठ अंश पूर्वेकडे दाखवतं, तेवढं वजा-बेरजेचं त्यालाच विचारा, त्याला पाठ असणार.

डेटावाला_ऑस्टिन
ओके, मापनाचं हे माहीत नव्हतं. जुन्या फोनवाला सल्ला मात्र मागे घेत नाही.

सातारी_डेन्व्हर
विचारलं. हो, १९२७ वरच लावलेलं होतं, त्याने स्वतःच लावलं होतं आणि विसरला होता. सेटिंग बदलली आणि ठिपका झऱ्यावर आला. मग म्हणाला फोन एवढा वाईट नाही, पण बटणं कुठायत त्याला.

तर ठरलं असं: ऑनएक्स फोनवर हद्दींसाठी, घरचा जुना फोन मॅप उतरवून बॅगेच्या तळाशी, आणि एक सेकंडहँड जीपीएसमॅप ६४ मिळतंय ९० डॉलरला, बघायला उद्या जातोय. बायकोला हे सगळं मोठ्या तोंडाने वाचून दाखवलं. ती म्हणाली वेपॉइंट-बिपॉइंट तुमचं तुम्ही बघा, रोज रात्री "जिवंत आहे" एवढा मेसेज कशावरून येणार ते सांग. म्हणजे इनरीच पण आलंच. कुणाकडे महिन्यापुरतं भाड्याने मिळेल का, डेन्व्हरच्या आसपास?