प्रतिसाद: पर्मिएबिलिटी जास्त म्हणजे अँटेना चांगला, असं नाही

१३.५६ मेगाहर्ट्झच्या एनएफसी (फोन टेकवून पैसे देताना वापरतात त्या जवळच्या संपर्काच्या) अँटेनामागे हजारांत पर्मिएबिलिटी (चुंबकीय क्षेत्र स्वतःतून वाहू देण्याची क्षमता) असलेलं मँगनीज-झिंक फेराइट (लोह ऑक्साइडचं चुंबकीय सिरॅमिक) लावावं, अशी सूचना या चर्चेत वर आली आहे. मला ती अजिबात पटत नाही. फिलिप्स कंपनीतले संशोधक स्नूक यांनी १९४०च्या दशकातच दाखवलं होतं की पर्मिएबिलिटी वाढवली की फेराइटची स्वतःची अनुनाद वारंवारता खाली येते, आणि तिच्या आसपास चुंबकीय ऱ्हास (उष्णतेत वाया जाणारी ऊर्जा) झपाट्याने वाढतो. मँगनीज-झिंकची विद्युत रोधकताही कमी, म्हणजे भोवरा प्रवाहांचा (फेराइटमध्येच फिरून ऊर्जा वाया घालवणाऱ्या विद्युत प्रवाहांचा) भुर्दंड वेगळाच.

इथे निकेल-झिंकच हवं, पर्मिएबिलिटी शंभर-दीडशेच्या आसपास असलेलं. मिश्रणात लोह किंचित कमी ठेवतात, म्हणजे रोधकता घटवणारं द्विसंयुजी लोह (Fe²⁺) तयार होत नाही आणि रोधकता टिकते. भट्टीचं तापमान आवरून कण बारीक ठेवले, तर डोमेनच्या (एकाच दिशेने चुंबकित झालेल्या सूक्ष्म भागांच्या) मधल्या भिंतीही कमी राहतात.

खरी कमाल मात्र कोबाल्टची! अगदी थोडं कोबाल्ट घालून फेराइट सावकाश थंड केलं, की त्याचे आयन डोमेनच्या भिंतींना जागच्या जागी जखडून ठेवतात. भिंती हलल्या नाहीत तर त्यांच्यामुळे होणारा ऱ्हासही घटतो. पण अशा फेराइटजवळ जोरदार चुंबक नेऊ नका. भिंती एकदा जागेवरून सुटल्या की वाढलेला ऱ्हास आपोआप पूर्ववत होत नाही. डेटाशीटमधली ही सूचना बरेच जण वाचतच नाहीत, याचं वाईट वाटतं.

शेकडो मेगाहर्ट्झसाठी कोबाल्टयुक्त झेड-प्रकारचं हेक्साफेराइट (षटकोनी स्फटिकरचनेचं फेराइट) पाहा. तिथे स्नूकची मर्यादा, म्हणजे पर्मिएबिलिटी वाढली की अनुनाद वारंवारता घटते ही वर सांगितलेली अडचण, ओलांडता येते. आणि निवड करताना त्याच वारंवारतेवरचा म्यू-डबलप्राइमचा (पर्मिएबिलिटीतला ऱ्हास दाखवणाऱ्या भागाचा) आलेख आधी बघा.